अपग्रेडआधी पार्टिशनला लेबल लावताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

अपग्रेड शंभर टक्के पूर्ण झालं, मशीन रीस्टार्ट झालं आणि काळ्या पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ ही ओळ दीड मिनिटापर्यंत सेकंद मोजत बसली. शेवटी इमर्जन्सी मोड, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरता कमांडचा पडदा. अशा वेळी बहुतेक जण नव्या आवृत्तीला नावं ठेवतात. पण बऱ्याचदा दोष आदल्या तासाभरात आपणच केलेल्या नामकरणाचा असतो. पार्टिशनचं (डिस्कच्या एखाद्या भागाचं) लेबल, म्हणजे आपण दिलेलं नाव, बदललं आणि ज्या फाइलीत जुनं लेबल लिहिलेलं होतं ती तशीच राहिली. किंवा इन्स्टॉलरमधल्या फॉरमॅटच्या चौकटीत टिक राहून गेली आणि लेबलच पुसलं गेलं.

म्हणून लेबलचं काम आणि अपग्रेडचं काम एका बैठकीत उरकू नका. आज लेबल लावा, जुनीच सिस्टिम एकदा रीबूट करून पाहा, उद्या अपग्रेडला बसा. मध्ये तो एक रीबूट असला की काय कशामुळे बिघडलं हे लगेच कळतं. खालचे सगळे टप्पे त्या रीबूटला धरूनच मांडले आहेत.

लेख लिनक्ससाठी आहे. शेजारी विंडोज असेल तर तिथली पथ्यंही मध्ये मध्ये येतील. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## आधी हे स्पष्ट करून घ्या: एका पार्टिशनची पाच नावं

डिव्हाइसचं नाव, म्हणजे ‘/डेव्ह/एसडीए२’ वगैरे. डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने कर्नल (लिनक्सचा गाभा) हे नाव देतो. आज ‘एसडीए’ असलेली डिस्क उद्या ‘एसडीबी’ होऊ शकते, आणि कर्नल बदलल्यावर तर तेच नाव राहील असं मुळीच धरून चालू नका.

फाइल सिस्टिमचं (पार्टिशनमध्ये फाइली मांडण्याच्या व्यवस्थेचं) लेबल आणि यूयूआयडी (आपोआप तयार होणारा लांब ओळखक्रमांक) ही दोन्ही फाइल सिस्टिमच्या आत लिहिलेली असतात. फॉरमॅट केलं की दोन्ही जातात. लेबल तुम्ही पुन्हा तेच देऊ शकता, यूयूआयडी मात्र नवा तयार होतो.

पार्टिशनचं नाव (पार्टलेबल) आणि पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) पार्टिशन टेबलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांच्या यादीत, राहतात. फॉरमॅट केल्याने त्यांना धक्का लागत नाही, पार्टिशन डिलीट करून नवं केलं तर मात्र जातात. जुन्या एमबीआर टेबलात पार्टलेबल हा प्रकारच नसतो, त्यासाठी नव्या पद्धतीचं जीपीटी टेबल लागतं.

लोकांचा सगळ्यात मोठा घोळ लेबल आणि पार्टलेबल यांच्यात होतो. डिस्कच्या एखाद्या ग्राफिकल प्रोग्रॅममध्ये ‘नेम’च्या रकान्यात ‘होम’ लिहिलं जातं आणि मग एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘लेबल=होम’ लिहून ते सापडत का नाही म्हणून डोकं धरलं जातं. ‘नेम’ म्हणजे बहुतेक ठिकाणी पार्टलेबल.

## टप्पा १: काहीही बदलण्याआधी नोंद

टर्मिनल उघडा आणि हे चालवा:

`एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,एफएसटाइप,लेबल,पार्टलेबल,यूयूआयडी,माउंटपॉइंट`

मिळालेला तक्ता फाइलीत साठवा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच मशीनच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली नोंद मशीन बूट होत नसताना काय कामाची? मोबाइलने पडद्याचा फोटो काढलात तरी चालेल, पण यूयूआयडीची अक्षरं वाचता येतील इतका स्वच्छ काढा.

त्याच पेनड्राइव्हवर आणखी चार गोष्टी घ्या:

- ‘/ईटीसी/एफएसटॅब’
- एन्क्रिप्शन असेल तर ‘/ईटीसी/क्रिप्टटॅब’
- ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ (ग्रब या बूटलोडरची सेटिंग)
- पार्टिशन टेबलची नक्कल: ‘सुडो एसएफडिस्क --डम्प /डेव्ह/एसडीए’ हिचं आउटपुट, प्रत्येक डिस्कसाठी वेगळं

मग लेबलचा वापर आत्ता कुठे कुठे होतोय ते शोधा. ‘/ईटीसी’ फोल्डरमध्ये ग्रेप लावून ‘लेबल=’ हा शब्द (रोमनमध्ये, कॅपिटल अक्षरांत) शोधला की बहुतेक जागा सापडतात. ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ ही फाइल उघडून ‘रूट=’ (मुख्य सिस्टिमचं पार्टिशन) पुढे काय आहे तेही पाहा. बॅकअपच्या स्क्रिप्ट विसरू नका. त्या ‘/डेव्ह/डिस्क/बाय-लेबल’ वापरत असतील तर ग्रेपच्या या शोधात त्या येणार नाहीत.

तपासा: एफएसटॅबमधल्या प्रत्येक डिस्कच्या ओळीसाठी तक्त्यात एक रांग सापडली पाहिजे. फाइल सिस्टिम बीटीआरएफएस प्रकारची असेल तर रूट आणि होम या दोन्ही ओळींत एकच यूयूआयडी दिसेल. ती चूक नव्हे, दोन्ही एकाच फाइल सिस्टिमची सबव्हॉल्यूम (आतले वेगळे भाग) असतात.

सावधान: ‘बीएलकेआयडी’ (लेबल आणि यूयूआयडी दाखवणारी कमांड) सुडोशिवाय, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराशिवाय, चालवलंत तर ते साठवलेली जुनी माहिती दाखवू शकतं. लेबल बदलूनही जुनंच दिसतंय असं वाटलं तर आधी सुडो लावून पाहा.

पार्टिशन टेबलची नक्कल म्हणजे डेटाचा बॅकअप नव्हे, हेही सांगून ठेवतो. तो वेगळा घ्यायचाच आहे.

## टप्पा २: नावं ठरवणं

नाव काहीही द्या, पण लांबी मोजून द्या. फाइल सिस्टिमच्या प्रकाराप्रमाणे मर्यादा बदलते: ईएक्सटी४ मध्ये लेबलला १६ बाइट मिळतात, एक्सएफएसमध्ये १२, फॅटमध्ये ११. जीपीटीचं पार्टिशन नाव ३६ अक्षरांपर्यंत चालतं आणि बीटीआरएफएस २५५ बाइटपर्यंत सढळ आहे. ईएक्सटी४ वर जास्त लांब नाव दिलंत तर ते इशारा देऊन मागचा भाग कापून टाकतं. इशारा वाचला नाही तर एफएसटॅबमध्ये पूर्ण नाव आणि डिस्कवर अर्धवट नाव अशी स्थिती होते.

मराठीत लेबल द्यायचा मोह मलाही झाला होता. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट खातो आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे वर्ण धरले जातात. ‘फोटो’ या दोन अक्षरी शब्दाचेच १२ बाइट होतात. ‘छायाचित्रं’ लिहायला गेलात तर शब्द मध्येच तुटेल. शिवाय रेस्क्यू मोडच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटेल की नुसत्या चौकटी, याची खात्री नाही. साधी रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ, बस. स्पेस टाळाच: एफएसटॅबमध्ये तिच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि ०४० असं लिहावं लागतं, आणि ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. फॅटसाठी सगळी अक्षरं कॅपिटल ठेवा.

एवढं सांभाळलं तरी खरा घात दुसरीकडेच होतो. दोन पार्टिशनना एकच लेबल!

माझ्याकडे घडलं ते असं. आतल्या डिस्कवर ‘डेटा’, आणि बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कवरही, कधीकाळी सहज लावलेलं, ‘डेटा’. बाहेरची डिस्क अपग्रेडच्या दिवशी जोडलेली राहिली. नवी सिस्टिम उठली, डेटाचं फोल्डर उघडलं, फाइली दिसल्या, मी कामाला लागलो. तीन आठवड्यांनी केबल काढली आणि फोल्डर रिकामं. इतके दिवस मी बॅकअपच्या डिस्कवर लिहीत होतो आणि आतली डिस्क अपग्रेडच्या दिवशीच थांबलेली होती. एकही एरर आली नाही, कारण सिस्टिमच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं. तिला ‘डेटा’ नावाचं पार्टिशन हवं होतं, ते मिळालं.

तेव्हापासून माझ्या लेबलात तीन तुकडे असतात: मशीनची खूण, काम, आणि आकार. उदाहरणार्थ ‘एलपी-होम-४००’ (डिस्कवर अर्थात रोमनमध्ये). आकार अशासाठी, की इन्स्टॉलरच्या पडद्यावर लेबल दिसेलच असं नाही, आकार मात्र दिसतोच, आणि कागदावरच्या नोंदीशी तो ताडून पाहता येतो.

तपासा: एकच लेबल दोनदा लागलंय का हे पाहायला ‘बाय-लेबल’ फोल्डर उपयोगाचं नाही. एकाच लेबलची दोन पार्टिशनं असली तरी तिथे एकच लिंक दिसते. सगळ्या बाहेरच्या डिस्क जोडून वरचा ‘एलएसबीएलके’चा तक्ता पाहा.

डिस्क ‘डीडी’ कमांडने क्लोन (हुबेहूब नक्कल) केलेली असेल तर लेबलसोबत यूयूआयडीही जुळे असतात. तिथे लेबल बदलून भागत नाही. दोनपैकी एक डिस्क काढून ठेवा.

## टप्पा ३: लेबल लावणं

आधी मोठा इशारा, कारण ही चूक झाली तर पुढचे टप्पे वाचायची वेळच येणार नाही.

सावधान: ‘पार्टेड’ या प्रोग्रॅममधली ‘एमकेलेबल’ ही कमांड लेबल लावत नाही. ती डिस्कवर कोरं पार्टिशन टेबल लिहिते. तिथे ‘डिस्क लेबल’ म्हणजे अख्खं टेबल. पार्टिशनला नाव द्यायची पार्टेडमधली कमांड ‘नेम’ आहे. चुकून एमकेलेबल चाललीच तर मशीन बंद न करता, काहीही फॉरमॅट न करता, टप्पा १ मधल्या डम्पवरून टेबल परत लिहायचं. डेटा तोवर जागेवर असतो, फक्त त्याचा पत्ता हरवलेला असतो.

आता प्रत्येक प्रकारासाठी:

ईएक्सटी४. ‘सुडो ई२लेबल /डेव्ह/एसडीए२’ एवढंच दिलं तर सध्याचं लेबल दिसतं, पुढे नाव दिलं तर ते लागतं. मी नेहमी आधी नावाशिवाय चालवतो. योग्य पार्टिशनवर आहोत ना, ते त्यातून कळतं. पार्टिशन माउंट (फोल्डरला जोडलेलं) असतानाही हे चालतं.

एक्सएफएस. ‘एक्सएफएस_अ‍ॅडमिन’, कॅपिटल ‘-एल’ आणि नाव. पार्टिशन अनमाउंट हवं. रूटच एक्सएफएसवर असेल तर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करून करा.

बीटीआरएफएस. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम लेबल’, पुढे जागा, पुढे नाव. माउंट असेल तर डिव्हाइसऐवजी माउंट पॉइंटचा पत्ता द्यायचा.

स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा). ‘स्वॅपऑफ’ करा, मग ‘स्वॅपलेबल’ कॅपिटल ‘-एल’सह, मग ‘स्वॅपऑन’. यासाठी ‘एमकेस्वॅप’ वापरू नका. तेही लेबल लावतं, पण यूयूआयडी बदलून टाकतं, आणि त्याची फळं टप्पा ७ मध्ये दिसतात.

ईएफआय पार्टिशन (यात बूटलोडर असतात). शक्यतो हात लावू नका. फर्मवेअर त्याला लेबलवरून ओळखत नाही, पार्टिशनच्या टाइपवरून ओळखतं. एखाद्या फॅट पार्टिशनला ‘ईएफआय’ असं लेबल लावलं म्हणून ते बूटचं होत नाही. बदलायचंच असेल तर अनमाउंट करून ‘फॅटलेबल’, आणि त्याला ‘-आय’ हा पर्याय लावायचा नाही. तो लेबलऐवजी व्हॉल्यूम आयडी बदलतो, आणि एफएसटॅबमध्ये फॅटचा यूयूआयडी म्हणून असतो तो हाच.

विंडोजचं एनटीएफएस. विंडोजमधूनच बदला. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेत असतं, आणि अशा पार्टिशनवर लिनक्समधून लिहिणं धोक्याचं.

एन्क्रिप्शन असेल तर. लक्स ही लिनक्सची डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत. लक्स२ च्या बाहेरच्या कवचाला ‘क्रिप्टसेटअप कॉन्फिग’ने लेबल देता येतं, लक्स१ ला देता येत नाही. आतल्या फाइल सिस्टिमचं लेबल वेगळं. कुलूप उघडल्यावर ते वर सांगितल्याप्रमाणे लावायचं.

## टप्पा ४: जिथे जिथे नाव लिहिलंय तिथे बदल

एफएसटॅबमध्ये काय लिहावं, लेबल की यूयूआयडी? माझं मत: रूट, होम, बूट आणि ईएफआय यांच्यासाठी यूयूआयडी. तिथे लेबल फक्त माणसाने ओळखण्यासाठी. डेटाच्या आणि बाहेरच्या डिस्कसाठी मात्र लेबल सोयीचं. उद्या डिस्क बदलली तर नव्या डिस्कला तेच लेबल लावलं की एफएसटॅबला हात लावावा लागत नाही. एका ओळीत एकच ओळख लिहायची, दोन्ही नाही.

रूट सोडून ज्या डिस्कशिवाय मशीन चालू शकतं, तिच्या ओळीच्या पर्यायांत ‘नोफेल’ घाला. हा एक शब्द नसेल तर कपाटात राहिलेल्या बाहेरच्या डिस्कपायी मशीन ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जातं.

फाइल सेव्ह केल्यावर याच क्रमाने:

1. ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’. चुकीचं लेबल, नसलेलं फोल्डर, टायपिंगची चूक हे सगळं ते दाखवतं.
2. ‘सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’.
3. ज्या डेटा पार्टिशनची ओळ बदलली ते अनमाउंट करा, मग ‘सुडो माउंट -ए’.

तिसऱ्यातली अनमाउंटची पायरी गाळू नका. ‘माउंट -ए’ आधीच माउंट असलेल्या जागा सोडून देतं, त्यामुळे काहीही न तपासता ‘सगळं ठीक’ असल्यासारखं गप्प बसतं.

ग्रबमध्ये सहसा काही करावं लागत नाही. डेबियन आणि उबंटू स्वतःच रूटचा यूयूआयडी लिहितात. तुम्ही कधी हाताने ‘रूट=लेबल=’ असं लिहिलं असेल तरच ते बदला आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. फेडोरात कर्नलचे पर्याय ‘ग्रबी’ने बदलतात. क्रिप्टटॅबमध्ये किंवा स्वॅपच्या ओळखीत बदल असेल तर इनिटरामएफएसही (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) नवं करा: डेबियन घराण्यात ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल’, फेडोरात ‘ड्रेकट -एफ’.

## टप्पा ५: जुनीच सिस्टिम रीबूट करा

पाच मिनिटांचं काम, आणि नेमकं हेच गाळलं जातं. पूर्ण शटडाउन करा, बाहेरच्या सगळ्या डिस्क काढा, मशीन सुरू करा. मग ‘फाइंडएमएनटी’ चालवून रूट, होम आणि डेटा अपेक्षित पार्टिशनवरूनच आले आहेत ना ते नोंदीशी ताडा. ‘स्वॅपऑन --शो’ने स्वॅप पाहा.

तपासा: होम फोल्डरमध्ये आजच्या तारखेची फाइल दिसते का? जुनी तारीख दिसली तर थांबा, चुकीचं पार्टिशन माउंट झालंय.

सगळं जुळलं की टप्पा १ चा तक्ता नव्याने काढून कागदावर उतरवा, आणि पेनड्राइव्हवर बदललेल्या एफएसटॅबचीही नवी प्रत घ्या. अपग्रेडला बसताना हातात हा नवा कागद हवा. जुना फाडून टाका, दोन कागद असले की नेमका चुकीचाच हाताला लागतो.

## टप्पा ६: अपग्रेड करताना

बाहेरच्या डिस्क अजूनही काढलेल्याच ठेवा.

जागच्या जागी अपग्रेड करत असाल तर लेबलं आणि यूयूआयडी यांना काही होत नाही, एफएसटॅबही तशीच राहते. फक्त डेबियन-उबंटूत मध्येच ‘ही कॉन्फिगरेशन फाइल बदलू का’ असा प्रश्न येतो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’बद्दल विचारलं आणि तुम्ही त्यात काही लिहिलेलं असेल तर सध्याचीच फाइल ठेवा.

नव्याने इन्स्टॉल करून होम तेच ठेवणार असाल तर मॅन्युअल पार्टिशनिंग निवडा आणि प्रत्येक ओळ कागदाशी ताडत भरा:

- रूट: फॉरमॅट होय. लेबलचा रकाना असेल तर तेच जुनं लेबल पुन्हा लिहा.
- होम: माउंट पॉइंट द्या, फॉरमॅट नाही. माउंट पॉइंट द्यायला विसरलात तर होम रूटच्या आतच तयार होईल आणि सगळ्या फाइली गेल्यासारख्या वाटतील. गेलेल्या नसतात, फक्त माउंट झालेल्या नसतात.
- ईएफआय: वापरा, पण फॉरमॅट नाही. फॉरमॅट केलंत तर विंडोजचा बूटलोडर जातो.
- स्वॅप: काही इन्स्टॉलर न विचारता नवं करतात. शेजारी दुसरी लिनक्स असेल तर तिच्या एफएसटॅबमधला स्वॅपचा यूयूआयडी त्या क्षणी खोटा ठरतो.

शेवटचं बटण दाबण्याआधी इन्स्टॉलर बदलांची यादी दाखवतो. ती मोठ्याने वाचा. हसू येईल, पण डोळ्यांतून निसटलेलं ‘फॉरमॅट’ कानाला लागतं.

सावधान: इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हचं लेबल ‘छान’ करायला जाऊ नका. फेडोराचं इन्स्टॉलर बूट होताना आपली फाइल सिस्टिम लेबलवरूनच शोधतं. नाव बदललं की ते स्वतःलाच सापडत नाही.

## टप्पा ७: पहिल्या बूटनंतर

तक्ता पुन्हा काढा आणि कागदाशी ताडा. फॉरमॅट झालेल्या पार्टिशनचे यूयूआयडी बदललेले असणार, ते नव्याने लिहून घ्या. लेबल गेलेलं असेल तर टप्पा ३ प्रमाणे लावा. डेटाच्या डिस्कच्या ओळी नव्या एफएसटॅबमध्ये आपोआप येत नाहीत. पेनड्राइव्हवरच्या जुन्या फाइलीतून फक्त त्याच ओळी घ्या, अख्खी जुनी फाइल वर टाकू नका. तिच्यातला रूटचा यूयूआयडी मेलेला आहे.

बूट होताना सुरुवातीलाच मशीन काही सेकंद उगाच अडखळत असेल तर स्वॅप पाहा. डेबियन घराण्यात ‘/ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम’ या फाइलीत स्वॅपचा जुना यूयूआयडी राहिलेला असतो. तो बदला आणि इनिटरामएफएस नवं करा.

शेजारच्या दुसऱ्या लिनक्सच्या एफएसटॅबमध्येही स्वॅपची ओळ आत्ताच दुरुस्त करा. सहा महिन्यांनी ती बूट कराल तेव्हा हे काही आठवणार नाही.

आता बाहेरच्या डिस्क जोडा, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी ‘फाइंडएमएनटी’ पाहा.

## अडकलात तर: इमर्जन्सी मोड

1. रूटचा पासवर्ड मागितला तर द्या. ‘रूट खातं लॉक आहे’ असा संदेश आला तर (उबंटूत बहुधा येतो) लाइव्ह यूएसबीवरून बूट करा आणि रूटचं पार्टिशन ‘/एमएनटी’वर माउंट करा.
2. ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’मध्ये ‘टाइम्ड आउट’ शोधा. कोणतं लेबल किंवा यूयूआयडी सापडला नाही ते तिथे लिहिलेलं असतं. लाइव्ह यूएसबीवर असाल तर ही पायरी सोडा आणि एफएसटॅबची प्रत्येक ओळ तक्त्याशी ताडा.
3. ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ चालवा, नाहीतर रूट केवळ वाचण्यापुरतं असू शकतं आणि फाइल सेव्ह होणार नाही. लाइव्ह यूएसबीवर याची गरज नाही.
4. एफएसटॅबमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घाला. ओळ पुसू नका. लाइव्ह यूएसबीवरून करत असाल तर ‘/एमएनटी/ईटीसी’मधली एफएसटॅब उघडा. लाइव्ह सिस्टिमचीच एफएसटॅब बदलून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.
5. रीबूट करा. मशीन उठलं की तक्ता काढा, योग्य ओळख लिहा, हॅश काढा, ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा आणि मगच पुन्हा रीबूट करा.

रूटचीच ओळ चुकली असेल आणि ग्रबचा मेनू दिसत असेल, तर त्या नोंदीवर ‘ई’ दाबा, ‘रूट=’ पुढे योग्य यूयूआयडी लिहा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. मशीन वर आल्या आल्या एफएसटॅब दुरुस्त करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा, फेडोरात ‘ग्रबी’.